‘रन’ शब्दाचा खण

“माझा शब्द चोरीला गेलाय,” म्हातारे गृहस्थ खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाले.

भावजींना वाटलं, झालं, सकाळी सकाळी हे कोण भेटले. तीस वर्षं शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेला सरळ माणूस तो. चोरी म्हटली की त्यांच्या डोळ्यांपुढे सायकल यायची, घड्याळ यायचं, फार तर बांगड्या. पण त्यांच्या वहिनींनी, म्हणजे या खासगी तपास कचेरीच्या मालकिणीने, चष्मा नाकावर नीट बसवला आणि विचारलं, “कुठला शब्द?”

“रन. इंग्रजीतला.”

“म्हणजे धाव,” भावजी म्हणाले.

गृहस्थांनी त्यांच्याकडे जराशा किवेनेच पाहिलं. “धाव हा त्यातला एक अर्थ झाला. नळ वाहतो ते रन, नाक गळतं ते रन, कपड्याचा रंग जातो ते रन. माणूस दुकान चालवतो तेही रन आणि निवडणुकीला उभा राहतो तेही रन. एवढंसं कार्टं, पण अख्खा खण खाऊन बसलंय. अकरा वर्षं मी त्याच्यामागे आहे. परवाच एक नवा अर्थ सापडला. कुणाच्या आंघोळीचं पाणी काढून ठेवायचं, त्यालाही रन म्हणतात. आहे की नाही गंमत?”

ते एका इंग्रजी-मराठी शब्दकोशाचे मुख्य संपादक होते. सगळे त्यांना सर म्हणायचे. एका अर्थाला एक कार्ड, कार्डावर एक वाक्य, वर शिक्क्याने उमटवलेला नंबर, अशी त्यांची पद्धत. ‘रन’ची कार्डं सोमवारी छापखान्यात जायची होती. शुक्रवारी सकाळी पाहतात तो लाकडी खणच गायब. कुलूप शाबूत. किल्ल्या तिघांकडे: स्वतः सर, कार्डं सांभाळणारी त्यांची बायको आणि सहसंपादक.

“त्यानेच नेला,” सर म्हणाले. “शब्द स्वतःच्या नावावर करायचाय त्याला. शुक्रवारपासून मी काम बंद ठेवलंय. आज रविवार. संध्याकाळी पाचपर्यंत खण आला नाही, तर कोशावरून त्याचं नाव काढून टाकतो. पत्र लिहून तयार आहे.”

“किती वर्षं आहे तो तुमच्याकडे?”

“चौदा.”

कोशाचं कार्यालय म्हणजे औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्या. भिंतभर खण, प्रत्येकावर अक्षराची चिठ्ठी. ‘रन’च्या जागी काळं भोक होतं आणि त्यात एक लाल पुठ्ठा उभा होता. तसे पुठ्ठे आणखी तीन ठिकाणी दिसत होते.

“काही काढलं की त्या जागी लाल पुठ्ठा ठेवायचा, नाव आणि तारीख घालून,” सरांनी सांगितलं. “हिचा नियम आहे. माझीसुद्धा त्यातून सुटका नाही.”

वहिनींनी तो पुठ्ठा काढून दोन्ही बाजूंनी पाहिला. कोरा होता. त्यांनी तो होता तसा परत ठेवला.

भावजींना स्वस्थ बसवेना. त्यांनी ‘एक्स’ची चिठ्ठी असलेला खण सहज ओढून पाहिला. तो बोटभर सरकला आणि अडला, आणि भावजींच्या खांद्यात कळ आली.

“एक्सचं काय बघताय?” सर हसले. “मूठभर शब्द आहेत त्याचे.”

आता मूठभर शब्दांचा खणही ओढवेना म्हणजे आपलं वय झालं, असं म्हणत भावजी खांदा चोळत बाजूला झाले.

सहसंपादक आतल्या खोलीत बसला होता. चाळिशीचा, बारीक अंगाचा, तीन दिवस धड जेवला नसावा असा.

“तो खण मी वर्षभरात उघडलेलासुद्धा नाही,” तो म्हणाला. “सरांच्या पत्नी, काकू, म्हणायच्या, तुला कुठलं कार्ड हवं ते सांग, मी काढून देते.”

“का, असं विचारलं नाही?”

“काकूंना कसं विचारणार? घरचा डबा देतात मला. आणि सरांनी मला हाताला धरून लिहायला शिकवलं हो. नाव काढलं तर काढू देत. पण त्यांनी मला चोर म्हणावं...” भावजींनी त्याच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. चोर असा दिसत नाही, असं त्यांचं मत झालं. पण त्यांचं असं मत प्रत्येकाबद्दलच व्हायचं.

छापखान्याचे मालक आले तेच धापा टाकत. बोलता बोलता त्यांनी एका खणातून कार्ड उपसलं, वाचलं, खुदकन हसले आणि भलत्याच खणात खुपसलं.

“लाल पुठ्ठा?” वहिनींनी विचारलं.

“कसला पुठ्ठा? बाई, माझी यंत्रं खोळंबलीत. बरं, यांचं तंत्रच न्यारं. रन संपला, आता संपला, असं वर्षभर ऐकतोय आणि दर महिन्याला कोऱ्या कार्डांचा गठ्ठा जातोच आहे. त्या काकूच मागवतात.”

काकू शेवटी आल्या. लहानखुऱ्या, नीटनेटक्या. बोटांच्या टोकांना शिक्क्याची निळी शाई लागलेली.

“तो मुलगा नाही नेणार,” त्या आपणहून म्हणाल्या.

“कशावरून?”

“नाही नेणार म्हणजे नाही. यांना मी शंभरदा सांगितलं, त्या पोराच्या नावाला हात लावू नका. ऐकत नाहीत.”

तेवढ्यात सर उत्साहाने आत आले. “अहो, तुम्हाला सांगायचं राहिलंच. आज सकाळी एक नवा अर्थ सापडला. आंघोळीचं पाणी काढून ठेवणं, त्यालाही रन म्हणतात. आहे की नाही गंमत?”

काकू खाली बघत होत्या. विद्वान माणसं अशीच, एकच गोष्ट दहादा सांगतात, असं भावजींच्या मनात आलं. वहिनींनी मात्र चष्मा काढला आणि बराच वेळ पदराने पुसला. त्या असं करायला लागल्या की प्रकरण संपलेलं असायचं. पण आज त्यांचा चेहरा काही वेगळाच झाला होता.

पाच वाजता, छापखान्याचे मालक निघून गेल्यावर, बाकी सगळे मोठ्या खोलीत जमले. सरांच्या हातात ते पत्र होतं. वहिनी काकूंकडे वळल्या.

“तुम्ही सांगता की मी सांगू?”

“तुम्हीच सांगा,” काकू म्हणाल्या. “माझ्या तोंडून निघत नाही.”

सरांनी एकदा बायकोकडे, एकदा वहिनींकडे पाहिलं.

“खण काढणाऱ्याने मागे लाल पुठ्ठा ठेवला,” वहिनींनी सुरुवात केली. “बाहेरचा चोर कशाला ठेवील? मालकांना तर पुठ्ठ्याचा नियमच माहीत नाही. आणि ज्याला दुसऱ्याचं काम लाटायचंय, तो चोरीची जागा खुणेने दाखवून कशाला जाईल? नाव न घालण्याइतकी सावधगिरी ज्या माणसाकडे होती, त्याच्याच हातून पुठ्ठा ठेवला गेला. नुसत्या सवयीने. ज्याने तो नियम केला आणि जन्मभर पाळला, त्याच्या हातून.”

“हे काय बोलताय तुम्ही?” सर म्हणाले.

“शुक्रवारपासून काम बंद आहे, तरी काकूंच्या बोटांना शिक्क्याची ओली शाई आहे. कुठल्यातरी कार्डांवर नवे नंबर पडताहेत. आणि मूठभर शब्दांचा खण आमच्या भावजींना ओढवत नाही. भावजी, तुमच्या खांद्याला काही झालेलं नाही. एक्सचा खण जरा जोर लावून काढा.”

भावजींनी काढला. मूठभर शब्द पुढे होते. त्यांच्या मागे दाटीवाटीने ‘रन’ची सगळी कार्डं भरली होती.

“पण हिने का?” सरांनी विचारलं. “अगं, माझी अकरा वर्षं...”

“एका अर्थाला एक कार्ड,” वहिनी हळू बोलत होत्या. “शब्द संपत आला, तरी कार्डं वाढतच होती. सर, आंघोळीच्या पाण्याचा अर्थ तुम्हाला परवा सापडला, असं तुम्ही मला सकाळी सांगितलंत. दुपारी म्हणालात, आज सापडला.”

काकूंनी उठून खणातून एक जुडी काढली आणि सरांपुढे ठेवली. सरांनी वरचं कार्ड वाचलं, मग दुसरं, मग तिसरं. त्रेचाळीस कार्डं. अक्षर सगळं त्यांचंच, वाक्य एकच: तिने त्याच्या आंघोळीचं पाणी काढून ठेवलं. प्रत्येक कार्डावर वेगळी तारीख.

“मधेच ही काढली तर नंबर तुटत होते,” काकू म्हणाल्या. “सोमवारी छापखान्यातल्या लोकांच्या हातात पडली असती. सगळे हसले असते तुम्हाला. रिकामा खण घरी ठेवलाय. चार दिवसांत बाकीच्यांवर नवे नंबर मारून तो परत ठेवणार होते मी. तुम्ही याच्यावर आळ घ्याल असं स्वप्नातही आलं नाही. आज पाचपर्यंत धीर गोळा करत होते.” मग त्या सहसंपादकाला म्हणाल्या, “बाळा, मला क्षमा कर.”

तो भिंतीकडे तोंड करून रडत होता. रडता रडताच त्याने मान हलवली.

सर बराच वेळ कार्डं चाळत राहिले. शेवटी म्हणाले, “मला का नाही सांगितलंस?”

“सांगितलं. तीनदा सांगितलं. डॉक्टरांकडून आलो तेव्हा, मग दिवाणखान्यात, मग इथेच, या टेबलाशी. तिन्ही वेळा तुम्ही पहिल्यांदाच ऐकल्यासारखे रडलात. चौथ्यांदा सांगायचं मला नाही झालं हो.”

भावजींनी वहिनींकडे पाहिलं. उभ्या आयुष्यात इतक्या गुन्ह्यांची उकल केलेली ती बाई खाली मान घालून उभी होती. आपण हे काम घेतलंच नसतं तर बरं झालं असतं, असं भावजींना मनापासून वाटलं.

सरांनी हातातलं पत्र उलटं केलं आणि पेन उघडलं. “आज तारीख काय?” त्यांनी विचारलं. सहसंपादकाने सांगितली. ‘रन’ हा शब्द आणि उरलेला सगळा कोश यापुढे याच्याकडे, असं दोन ओळींत लिहून त्यांनी सही केली, आणि साक्षीदार म्हणून वहिनी-भावजींच्या सह्या घेतल्या.

“उद्या मी नाही म्हणेन,” ते त्याला म्हणाले. “भांडेन. तुला वाट्टेल ते बोलेन. तू मनावर घेऊ नकोस आणि काम थांबवू नकोस. मला माझ्या खुर्चीत बसू दे तेवढं.”

“सर,” एवढंच तो म्हणाला आणि त्यांच्या पायाशी बसला.

काकूंनी कार्डांची जुडी उचलली. “आणि उद्या खण कुठे गेला म्हणून विचारलंत, तर काय सांगू?”

सरांनी पेनाला टोपण लावलं.

“चोर सापडला म्हणून सांग,” ते म्हणाले. “घरचाच निघाला, आणि तक्रार करायची नाही असं मीच म्हणालो, म्हणून सांग.”