सोमवारच्या पानावर

ती नोंद इनसॉप लिहिणारच नव्हता. दोनदा पेन उघडलं, दोनदा बंद केलं. लिहायचा शब्द एकच होता. पण तो लिहिला की जे झालं ते झालं, असं मान्य करावं लागलं असतं.

वही नेहमीचीच, तारखा छापलेली. देहांगनो या थिएटरांनी भरलेल्या रस्त्याच्या मागच्या गल्लीत, तळघरातल्या एका छोट्या थिएटरात इनसॉप सात वर्षं स्टेज मॅनेजर होता. खेळ संपला की तीन ओळी लिहायच्या: पहिला अंक किती मिनिटं, दुसरा किती, काय चुकलं. सोमवारची पानं कोरी, कारण सोमवारी इथली थिएटरं बंद.

सातही वर्षं गाण्यांचं नाटक, संगीतक, एकच, ‘सहा दहाची गाडी’. एक माणूस फलाटावर धावत येतो. पहिल्या अंकात त्याला गाडी मिळते, दुसऱ्यात तीच गाडी हुकते, आणि दोन्हीकडे पुढे त्याचं काय होतं ते गाण्यांतून कळतं. इथल्या रिवाजाप्रमाणे नायकाच्या कामाला दोन नट, आलटून पालटून. आज कोण, ते दारातल्या पाटीवर फोटो लावून सांगायचं. त्या दोघांतला एक दालसू, इनसॉपचा जिवाभावाचा दोस्त.

खरं तर ते काम आधी इनसॉपला मिळालेलं. तालमीच्या दुसऱ्याच दिवशी गावाहून, गुन्सानहून, फोन आला, वडिलांना अर्धांगवायूचा झटका. तो गेला. चार महिन्यांनी परत आला तेव्हा त्याच्या जागी दालसू गात होता. रिकामी होती ती विंगेतली स्टेज मॅनेजरची खुर्ची. बसला.

आणि या गुरुवारी दिग्दर्शक जिन्यात गाठून म्हणाला, "दालसूचा गळा गेलाय. पुढच्या हंगामात त्याच्या जागी तू. मंगळवारी सांग."

इनसॉपला आनंद व्हायला हवा होता. पण दालसूला सांगायचं कसं, हे काही सुचेना.

त्याच दुपारी तिकिटाच्या खिडकीपाशी एक आजी भेटली. मांडीवर विणकाम, तपकिरी लोकर. पुन्हा पुन्हा खेळ बघणाऱ्यांना थिएटर एक कार्ड देतं. दर खेळाला एक शिक्का, त्यात तारीख आणि नायकाचं आडनाव. दहा शिक्के झाले की एक खेळ फुकट.

"अरे, तूच ना तो?" आजी म्हणाली. "आज इथे काय करतोयस? तुझा तर सोमवार."

"मी गात नाही, आजी. मी पडद्यामागचा."

"हो, आणि मी राजाची सून! दहा वेळा पाहिलंय तुला. बाकीचे दमल्याचं सोंग करतात रे, तू खराच दमलेला असतोस. पण तिसऱ्या कडव्यात दर वेळी अडखळतोस. जरा पाठ कर मेल्या."

तिने कार्ड पुढे केलं. दहा शिक्के, दहाही सोमवारचे. प्रत्येकात एकच आडनाव: प्यो.

थिएटरात प्यो आडनावाचा इनसॉप सोडून कुणी नव्हतं.

शिक्क्यात काहीतरी घोळ असेल, असं त्याने स्वतःला समजावलं. रविवारपर्यंत ते पुरलं.

सोमवारी दुपारी तीनला तो किल्ली घेऊन आला. गल्लीत गिंकोच्या झाडांची फळं पडून चिरडलेली, त्यांचा आंबूस कुबट वास जिन्यापर्यंत. कुलूप बाहेरून लावलेलं. त्याने उघडलं. आत पाटीवरचा दिवा चालू होता.

पाटीवर त्याचा फोटो होता. नायकाच्या कोटात, हातात बॅग. केस आत्ताइतकेच पांढरे.

खालून पियानो ऐकू येत होता.

तो बाजूच्या दाराने डाव्या विंगेत गेला. सवयीने, चपला न वाजवता. रंगमंचावर पिवळा प्रकाश, प्रकाशात पाठमोरा एक माणूस. गात होता. आवाज चांगला होता. इनसॉपला वाटलं, आपण बरे गायलो असतो.

मग त्याची नजर पलीकडे, उजव्या विंगेत गेली. तिथे त्याची स्वतःची खुर्ची असते.

खुर्चीत दालसू होता.

काळे कपडे, गालफडं बसलेली, गळ्याभोवती तपकिरी मफलर घट्ट. पुढ्यात वही. दिवे बदलायची वेळ आली की स्टेज मॅनेजर हेडफोनवर बोलून सांगतो. हा बोलत नव्हता. टेबलावर बोटाने टकटक करत होता.

तिसरं कडवं आलं. गाणारा थांबला.

पियानो तीच जागा परत वाजवू लागला. एकदा. दोनदा. खुर्चीतल्या दालसूने तोंड उघडलं, ओठ हलले. आवाज फुटला नाही.

इनसॉपला सात वर्षांची सवय. नट अडला की ओळ द्यायची, मग नट कोण हे बघायचं नसतं. तो विंगेतून हळूच बोलून गेला,

"जो गेला तो दमला, जो राहिला तोही."

गाणाऱ्याने ओळ उचलली.

दालसूने मान वर केली. थेट इनसॉपच्या अंधाराकडे बघितलं. ओळखीचं काही नव्हतं त्या बघण्यात. मग त्याने वहीत काहीतरी लिहिलं.

दिवे गेले.

इनसॉपने चाचपडत बटण दाबलं. रिकामा रंगमंच, रिकाम्या खुर्च्या, धूळ. उजव्या विंगेतल्या टेबलावर त्याची वही उघडी. सोमवारचं पान. अक्षर दालसूचं, डावीकडे कललेलं.

पहिला अंक बासष्ट मिनिटं. दुसरा अठ्ठावन्न. काय चुकलं: तिसऱ्या कडव्यात ओळ विसरली. डाव्या विंगेतून कुणीतरी दिली. कोण, ते कळलं नाही.

इनसॉपने दोनदा पेन उघडून बंद केलं. शेवटी त्याखाली लिहिलं: मी.

मंगळवारी दुपारी मेकअपच्या खोलीत दालसू मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करत होता. इनसॉप आत आला तसा त्याने पेला ठेवला.

"काय रे, तोंड का लपवतोस?" आवाज पार घोगरा. "दिग्दर्शकाने सांगितलंय मला. घे की काम, गाढवा. तुझंच होतं ते. मी बसतो तुझ्या खुर्चीत. आयतं बसायचं, चहा प्यायचा, लोकांवर डाफरायचं. मी पण दमलोय रे."

"मी दिग्दर्शकाला ‘नाही’ सांगून आलोय. आत्ताच."

"वेडा आहेस का?"

"असेन. तू डॉक्टरकडे जा. आज, खेळाच्या आधी. मी येतो बरोबर."

"अरे, साधी सर्दी आहे. आणि हे बघ, औषध मिळालंय फुकट." दालसूने खुंटीवरून काहीतरी काढून गळ्याभोवती गुंडाळलं. "दारात एक आजी भेटली. म्हणाली, तुझ्यासाठीच विणलाय. सोमवारी तळघरात फार गार असतं म्हणे. सोमवारी! म्हातारीचं डोकं फिरलंय."

मफलर तपकिरी होता. गाठ घट्ट.

दालसू हसला. खांदे हलले, तोंड उघडलं, डोळे बारीक झाले. आवाज आला नाही.

इनसॉपने पुढे होऊन ती गाठ सोडायला घेतली. गाठ सुटेना.

"खुर्ची मी सोडणार नाही," तो म्हणाला. "कुणी कितीही मोठं काम देऊ दे. दालसू, ऐकतोयस ना? शब्द देतो. तुला तिथे बसू देणार नाही."