रोज एक ओळ

छापखान्यातला तिचा तो शेवटचा दिवस. कॉलेजनं लावून दिलेली महिनाभराची उमेदवारी संपली होती, बॅग दाराशी तयार होती आणि संध्याकाळच्या गाडीनं ती कायमची घरी निघाली होती. शिकाऊ मुलीनं जाण्याआधी करायचं काम ठरलेलं — टेबलावरचा छापून झालेला मजकूर सोडायचा, म्हणजे अक्षराचा एकेक शिशाचा खिळा वेचून आपापल्या खणात टाकायचा. सोडताना वाचत बसायचं नाही, हा मालककाकांचा दंडक. वाचलं की हात अडखळतो म्हणे. या शिकाऊ बाईसाहेबांचा हात आता इतका बसला होता, की दोऱ्यानं बांधलेलं ते शेवटचं पानही तिनं बघता बघता संपवत आणलं. एकच ओळ उरली तेव्हा सहज, अगदी सहज, तिनं खिळ्यांवरची उलटी अक्षरं वाचली.

'वेंधळे, जाऊ नकोस.'

तिनं ती ओळ पुन्हा वाचली.

या छापखान्यात वेंधळी एकच होती. तिला तसं म्हणणाराही एकच — मालककाकांचा भाचा, इथला खिळे जुळवणारा जुळारी. पहिल्या दिवशी ती दारातून शिरली ती थेट त्याच्या हातातल्या भरल्या खणावर आदळली, आणि मग दोघं दुपारभर फरशीवरचे खिळे वेचत बसले. तेव्हापासून तो तिच्याशी बोलायचा ते चुका काढायलाच. हा आपल्या जाण्याचे दिवस मोजतोय, असंच तिला वाटायचं. तिला मात्र त्याच्या शाईनं काळ्या झालेल्या बोटांकडे बघत राहायची खोड लागली होती... हे तिनं आईलासुद्धा सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात तोच आला. हातात एकच जाड, पांढराशुभ्र कागद. टेबलाकडे लक्ष गेलं आणि त्याचा चेहरा त्या कागदासारखा झाला.

"हे... छापलेलं नव्हतं," तो म्हणाला.

सकाळी त्यानंच ते पान वरच्या फळीवरून काढून टेबलावर ठेवलं होतं आणि तो कागद आणायला गेला होता. एकच प्रत काढायची होती. तिच्यासाठी. हे सगळं त्यानं खाली मान घालून, तुटक तुटक सांगितलं. तिनं त्या उरलेल्या ओळीवर हात ठेवला.

"काय लिहिलं होतंस?"

"तोंडानं सांगता आलं असतं तर जुळवत बसलो असतो का?"

"किती दिवस जुळवत होतास?"

"सव्वीस." तो घुटमळला. "रोज एक ओळ. ते खिळे वेचले ना... त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

ती स्टुलावर बसली. रोज आपल्यावर डाफरणारा हा माणूस, आणि रोज एक ओळ! त्यातल्या पंचवीस ओळी तिनं स्वतःच्या हातानं, एक अक्षर न वाचता, खणाखणांत पांगवल्या होत्या. तिला रडूही आलं आणि हसूही.

मग ती उठली. जुळणीची पट्टी उचलून तिनं त्याच्या काळ्या बोटांत ठेवली.

"पुन्हा जुळव."

"आणि तुझी गाडी?"

"पंचवीस दिवसांनी असेलच की एखादी. आईला फोन करून येते. रोज एकच ओळ हं, घाई करायची नाही."

एवढ्या ऐटीत निघालेली ती दाराशी स्वतःच्याच बॅगेला अडखळली. त्यानं धावत येऊन तिला सावरलं, आणि तिच्या पांढऱ्या बाहीवर त्याची पाचही बोटं उमटली.

"वेंधळे," तो म्हणाला, आणि या वेळी त्याचा आवाज थरथरत होता.