अनुक्रमांक सहाशे तेरा

पोटनिवडणूक लागली तेव्हा बोरखेडीत सगळ्यात जास्त आनंद प्रमोद वाकोडेला झाला. नगरसेवक जिन्यावरून पडून गेले होते, म्हणून तो आनंद त्यानं चारचौघांत दाखवला नाही. घरी येऊन मात्र शर्टाला इस्त्री केली.

हाच प्रमोद एके काळी सक्तीच्या मतदानाचा कट्टर विरोधक होता. कायदा येण्याआधी सात वर्षं टीव्हीवर वाद चालला, आणि त्याच्या घरातही. "न जाणं हासुद्धा माझा हक्कच आहे," असं तो लोडाला टेकून म्हणायचा. बायको, ज्योत्स्ना, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती आणि वॉर्डाची मतदारयादीही तिच्याकडेच असायची. ती म्हणायची, "यादीतलं एकेक नाव मी उन्हातान्हात चालून गोळा केलंय. आणि तुम्ही झोपा काढणार?"

कायदा आला. मग अंथरुणाला खिळलेल्यांचं काय, असा प्रश्न निघाला आणि त्यातून मतछाया निघाली. माणसाचा आवाज, त्याची जुनी बोलणी, आवडीनिवडी यांवरून यंत्र त्याची छाया तयार करी. छाया घरच्या एका साक्षीदाराशी पाच मिनिटं बोले आणि मत देई. अट एकच होती, बोलणं निवडणुकीशी निगडित हवं.

ज्योत्स्नाला जाऊन सव्वादोन वर्षं झाली होती. मतछायेच्या अर्जात मात्र प्रमोदनं 'अंथरुणाला खिळलेली' असं लिहिलं होतं. त्या अर्जावर आतापर्यंत तिनं तीन निवडणुकांत मत दिलं होतं. ही चौथी.

"मिसेस कशा आहेत?" केंद्राध्यक्ष तायडे मॅडमनी विचारलं. त्या परगावच्या होत्या.

"आहे तशीच," प्रमोद म्हणाला.

कक्षात एक खुर्ची, भिंतीवर मतदारयादी, एक जाळीदार डबा, त्यावर छोटा पडदा आणि दोन बटणं. डबा खाकरला.

"अहो, पुन्हा तोच निळा शर्ट घातलात ना?"

"हे विधान निवडणुकीशी निगडित नाही," यंत्र म्हणालं.

प्रमोद आता या कामात तरबेज झाला होता. "ज्योत्स्ना, तीन नंबरचा उमेदवार म्हणतो, निवडून आलो तर वांग्याच्या भरतात तीळ घालीन."

"तीळ? कोण आहे हा मेला? भरतात शेंगदाण्याचा कूट घालतात. लेखी घ्या त्याच्याकडून."

यंत्र गप्प बसलं. प्रमोद डोळे मिटून ऐकत राहिला.

"आणि चार नंबरचा म्हणतो, पावसाळ्यात गुडघे दुखणाऱ्या मतदारांनी..."

"तेल लावलं का तुम्ही? ते राहू द्या. आधी यादी वाचा."

असं ती पूर्वी कधी म्हणाली नव्हती. यंदापासून छायेत माणसाच्या नोकरीतल्या सवयीही भरल्या होत्या. तसं पत्रक घरोघर आलं होतं. प्रमोदनं त्यावर कांदे चिरले होते.

"कशाला यादी?"

"मताच्या आधी यादी. वाचा."

"सहाशे बारा, प्रमोद वाकोडे. सहाशे तेरा, ज्योत्स्ना प्रमोद वाकोडे."

"तेरासमोर शेरा काय आहे?"

"अंथरुणाला खिळलेली."

"कधीपासून?"

"सव्वादोन वर्षं."

"डॉक्टरांचा दाखला जोडलाय?"

प्रमोदनं निळ्या शर्टाची बाही सारखी केली. घरोघरी फिरून तिनं असली कितीतरी घरं पकडली होती. कोपऱ्यात घडी घातलेलं अंथरूण, आणि घरातली माणसं शपथेवर सांगणारी की आजी आत्ताच बाहेर गेलीय. अशा घरी ती आधी चहा मागायची. चहा संपला की लाल पेन काढून 'मयत' लिहायची. कोणाचं नाव कोरड्या घशानं खोडू नये, असं तिचं म्हणणं.

"अहो," ज्योत्स्ना हळूच म्हणाली, "मी मयत आहे का?"

प्रमोदनं मोठ्या आशेनं यंत्राकडे पाहिलं.

"हा प्रश्न निवडणुकीशी निगडित आहे," यंत्र म्हणालं. "साक्षीदाराने उत्तर देणे सक्तीचे आहे."

पडद्यावर दोन शब्द उजळले. हो. नाही. वरीलपैकी एकही नाही, हे बटण त्यानं खाली शोधलं, बाजूला शोधलं, डब्याच्या मागंही हात घालून पाहिलं. ते नव्हतं.

"मी सांगू शकत नाही गं," तो म्हणाला.

"हक्क आहे म्हणता का न सांगण्याचा?" ती हसली. अगदी लोडाजवळ उभी राहून हसायची तशी. "मी वर्गात विचारलं की मुलंसुद्धा उत्तर देतात हो. द्या."

पाच मिनिटांतले वीस सेकंद उरले होते. 'नाही' दाबलं तर पुढच्या निवडणुकीत ती पुन्हा येणार होती आणि पुन्हा हेच विचारणार होती.

त्यानं 'हो' दाबलं.

"बरं," ज्योत्स्ना म्हणाली. आवाज जरा खाली आला होता. "मग आधी चहा टाका."

"हे विधान निवडणुकीशी निगडित नाही," यंत्र म्हणालं आणि डबा बंद झाला.

बाहेर तायडे मॅडम शाईची बाटली घेऊन बसल्या होत्या. "झालं मिसेसचं?"

प्रमोदनं मान हलवली आणि डाव्या हाताचं बोट पुढं केलं. शाई लागली. तो तिथंच उभा राहिला.

"काही अडचण आहे का, काका?"

"नाही," तो म्हणाला. "तुमच्या नियमपुस्तकात एक बघता का? घरी जाऊन चहा टाकायचाय. किती कप टाकू?"