जुळी अक्षरं

म्हातारबुवा औषधाच्या खोलीत खुर्चीतच गेले होते. चमचा पायाशी पडला होता आणि टेबलावर एक बाटली उघडी होती.

"वातसार," पुतण्या दारातूनच म्हणाला. "चोळायचं तेल आहे, त्यात बचनागाचं विष असतं. काका रोज सकाळी ताकदीसाठी बलसारचा चमचा घ्यायचे. आज हे हाती लागलं. वास कळणं तर त्यांचं केव्हाच गेलं होतं."

"या खोलीत कोण कोण आलं?" इन्स्पेक्टर बाईंनी विचारलं.

"मी दार उघडलं, पाहिलं, दोन्ही दारांना कुलूप घातलं नि तुम्हाला फोन केला. वर जाऊन ताईला एवढंच सांगितलं, की काका गेले."

बाईंनी बाटली डोळ्यांजवळ नेली. लेबलावर मध्ययुगीन पोथ्यांच्या वळणाची अक्षरं होती. काळीकुट्ट, टोकदार, एकमेकांना खेटून उभी, काटेरी कुंपणासारखी. नीट निरखूनही त्यांना आधी 'बलसार' असंच वाटलं. बाटली त्यांनी पिशवीत घालून बंद केली.

बाहेर दुकानात जिकडे पाहावं तिकडे तीच अक्षरं. खणांवर, काचेवर, दारावरच्या 'काका-पुतणे' पाटीवर. भर सकाळी तिथे जीव घुसमटत होता. फळ्यांवर बलसारची लेबलं काळी होती. वातसारच्या लेबलांवर पहिलं अक्षर लाल चौकटीत बसवलेलं होतं.

अक्षरं काढणाऱ्याला बोलावून घेतलं होतं. तो डोकं धरून बसला होता.

"ही अक्षरं पाटीला शोभतात, मानपत्राला शोभतात," तो म्हणाला. "औषधाच्या बाटलीवर नकोत, हे सांगून माझा घसा बसला. पण यांना राजेशाही थाट हवा होता."

पुतण्याने मान खाली घातली.

"दोन्ही नावं सारखी दिसतात, हे तुमच्या लक्षात आलं नाही?"

"आलं. पण उशिरा आलं. पहिला नमुना मी यांच्या घराच्या दाराखालून आत सरकवला, आणि मग चैन पडेना. लगेच दुसरा केला, तो यांच्या हातात दिला. छापला तो दुसरा."

"पहिला?" पुतण्या गोंधळला. "मला तर एकच मिळाला."

म्हातारबुवांची मुलगी वर माडीवर खिडकीशी बसली होती. पाठ ताठ, डोळे कोरडे. खाली औषधाच्या खोलीत उतरणारा जिना तिच्या खोलीलगतच होता.

"दुकानात शेवटचं कधी गेला होतात?"

"ती पाटी लागल्यापासून पाऊल टाकलं नाही."

"नवी लेबलं पाहिलीत?"

"नाही. पाहायची इच्छाही नाही."

"मग हे कशामुळे झालं असावं?"

"माझ्या चुलतभावाच्या हौसेपायी. त्या अक्षरांत बलसार नि वातसार जुळ्या बहिणींसारखे दिसतात. ब च्या पोटातली रेघ नक्षीत बुडून जाते. बाबांची नजर अधू. आज ना उद्या हे होणारच होतं."

बाईंनी खालच्या दोघांना वर बोलावलं.

"लेबलं न पाहता तुम्हाला ब ची रेघ कशी ठाऊक?" त्यांनी विचारलं.

तिने तोंड खिडकीकडे वळवलं.

"आणि फळीवरच्या बाटल्यांवर ही नावं जुळी दिसतच नाहीत. व भोवती लाल चौकट आहे, अधू नजरेलाही ती कळते. जुळी दिसतात ती फक्त पहिल्या नमुन्यात, आणि त्या टेबलावरच्या बाटलीवर. ती बाटली माझ्या पिशवीत आहे, त्याआधी खोलीला कुलूप होतं. नमुना कुणी उचलला ते मला कळत नव्हतं. ते आता तुम्हीच सांगितलंत."

"ताई," पुतण्या पुटपुटला, "काहीतरी बोल."

"त्या काय बोलणार?" बाई पुतण्याला म्हणाल्या. "तेलाच्या बाटलीवरचं लेबल सोलून त्यांनी नमुन्यातलं चिकटवलं आणि टेबलावरची बाटली बदलली. लाल चौकट राहिली असती, तर अपघात कुणाला पटला असता? वडीलही गेले आणि बोल तुमच्या हौसेच्या अक्षरांना लागला असता. मग दुकानात तुम्हाला कोण उभं करणार होतं?"



"बलसारची कृती मी बसवली," अखेर मुलगी म्हणाली. "खल घोटून हाताला घट्टे पडले. पाटी लिहायची वेळ आली, तेव्हा बाबा म्हणाले, पोरीचं नाव कशाला, ती परक्याचं धन."

"म्हणून जीव घ्यायचा?" पुतण्याने विचारलं.

तिने त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती अक्षरं काढणाऱ्याकडे वळली.

"तुमचा कागद दाराखालून आत आला, तेव्हा माझ्या मनात काहीच नव्हतं. मी तो सहज वाचायला घेतला," ती म्हणाली, "आणि स्वतःच चुकले."