बाराच्या लाइव्हमधला हार

“सोळा लाख लोकांसमोर तिनं मला चोर म्हटलं, ताई,” मेकअपवाली म्हणाली आणि तिने फोन टेबलावर पालथा ठेवला. फोन थरथरतच होता. शिव्या येत होत्या.

समोर भिंगताई बसल्या होत्या. तीस वर्षं विमा कंपनीत खोटे दावे पकडून आता त्या खासगी तपास करत. शेजारी त्यांचे दीर, निवृत्त ड्रिलमास्तर. म्हणायला मदतनीस, खरं तर चहाला सोबत.

“तीन दिवसांत सगळी कामं गेली. पोरगी शाळेत जात नाही. मुलं तिला चोरटीची मुलगी म्हणतात.”

“रडायचं नंतर. आधी सोमवार सांग.”

तिची मालकीण म्हणजे ‘महाराणी’. हे नाव चाहत्यांनी दिलेलं. आपली श्रीमंती लोकांना दाखवणं हाच तिचा धंदा होता. सोमवारी बारा वाजता तिने लाइव्ह येऊन हिऱ्यांचा हार मिरवला. एक वाजता हार गायब.

“रविवारी आणि सोमवारी अगदी सारखाच मेकअप,” मेकअपवाली म्हणाली. “तोच लाल पोशाख, तोच उंच अंबाडा. रविवारी म्हणे रंगीत तालीम. सोमवारी मला बाराला बाहेर बसवलं. नंतर सामान आवरायला खोलीत एकटीच पाठवलं. हार मी डोळ्यांनी पाहिलासुद्धा नाही.”

“ते लाइव्ह पाहिलंस?”

“नाही हो. चोर म्हटल्यावर कोण बघतंय!”

मास्तरांकडे ते आयतंच होतं. लाल पोशाखातली महाराणी हसली, गिरकी घेऊन पाठमोरी झाली आणि हाराची कडी दाखवली. अंबाड्याखाली मान कशी नितळ दिसत होती!

“दर वेळी ती चाहत्यांची नावं घेऊन उत्तरं देते,” मास्तर पुटपुटले. “मी चार नमस्कार पाठवले. कुणाचंच नाव नाही घेतलं. हाराचा माज, दुसरं काय!”

“भावोजी, तुम्हीसुद्धा तिचे चाहते?”

मास्तर एकदम चहा गाळायला उठले.

महाराणीच्या दिवाणखान्यात बूट काचेच्या कपाटात होते आणि पुस्तकं जमिनीवर. तिच्या भावाने रिकामी पेटी आणून दिली. तिचे सगळे व्यवहार तोच पाहायचा.

“सहा महिने हार याच पेटीत होता,” तो म्हणाला.

भिंगताईंनी आतल्या मखमलीवरून बोट फिरवलं. मखमल सगळीकडे सारखीच ताठ होती.

“पोलिसांत तक्रार?”

“कशाला? आमचे चाहते न्याय करतात.”

“आणि मानेला काय झालं?” समोर बसलेल्या महाराणीच्या उजव्या कानाखाली बोटाच्या पेराएवढा तपकिरी डाग होता.

“त्या धांदरटीनं केस कुरळे करायच्या चिमट्याचा चटका दिला!” महाराणी फणकारली. “सोमवारी, अकरा वाजता. टरारून फोड आला होता.”

“अरेरे,” भिंगताई म्हणाल्या. त्यांना खरंच वाईट वाटलं, पण मानेबद्दल नव्हे.

मग तिचा प्रतिस्पर्धी ‘शेठ’. तोही तसलाच, फक्त याच्याकडे गाड्या.

“हार खोटा आहे असं मी शनिवारी जाहीर केलं. मंगळवारी सराफासमोर ये, असं आव्हान दिलं.”

“पुरावा?”

“तिच्याकडे तरी कुठं आहे?” तेवढ्यात एक माणूस दारात आला. “साहेब, चार वाजले. गाडीची किल्ली द्या. पुढच्या गिऱ्हाइकाला द्यायचीय.” शेठचा चेहरा पडला.

“नाचता येईना अंगण वाकडं हे ठाऊक होतं,” मास्तर बाहेर येऊन म्हणाले, “पण इथं अंगणसुद्धा भाड्याचं!”

भिंगताई थबकल्या. “भावोजी, आज पहिल्यांदा कामाचं बोललात.” दुसऱ्या दिवशी त्या एक फोटो घेऊन दिवसभर बाजारात फिरल्या.

शनिवारी महाराणीच्या दिवाणखान्यात सगळे जमले. मेकअपवाली दाराशी उभी राहिली. भिंगताईंनी तिला बोलावून मधल्या खुर्चीवर बसवलं.

“हार चोरीला गेलाच नाही,” त्या म्हणाल्या. “सोमवारी तो या घरात नव्हताच.”

“सोळा लाखांनी पाहिला!” भाऊ ओरडला.

“त्यांनी रविवार पाहिला. सोमवारी अकराला बाईंना चटका बसला, हे त्यांनीच सांगितलं. बाराच्या लाइव्हमध्ये त्या पाठमोऱ्या होतात आणि मानेवर काहीच नाही. म्हणजे ते आदल्या दिवशीचं चित्रण. म्हणूनच मास्तरांच्या चार नमस्कारांना उत्तर मिळालं नाही. चित्रण कसलं उत्तर देतंय!”

“मेकअपनं झाकला असेल डाग!” भाऊ म्हणाला.

“ताज्या फोडावर रंग बसत नाही,” मेकअपवाली पहिल्यांदाच ताठ आवाजात म्हणाली. “उलट उठून दिसतो. कुणालाही विचारा.”

“सहा महिने जड हार ठेवला तर मखमल दबते,” भिंगताई पुढे म्हणाल्या. “ही कोरी आहे. हार काचेचा, चित्रीकरणाला भाड्याने मिळणारा. कडीचा फोटो दाखवत फिरले, तिसऱ्या दुकानात तो हार टांगलेला सापडला. रविवारी संध्याकाळी परत केल्याची सही तुमच्या बंधूंची. मंगळवारी सराफ काच ओळखणार होता. म्हणून हार हरवायलाच हवा होता, आणि हरवायला चोर हवा. सर्वांत गरीब गळा सापडला, त्याला फास लावला.”

महाराणीने तोंड झाकून घेतलं. शेवटी ती म्हणाली, “काय हवंय तुम्हाला?”

“मला काही नको. तिला विचारा.”

“ज्या सोळा लाखांसमोर चोर म्हटलंत, त्यांच्यासमोर माफी,” मेकअपवाली म्हणाली. “आत्ता. खरंखुरं लाइव्ह.”

महाराणी सवयीने आरशासमोर बसली आणि मान वर केली. “निदान चेहरा तरी नीट करून दे.”

मेकअपवालीने आपली पेटी खटकन बंद केली.

“आज नाही. आज आहे त्या तोंडानं बोला.”

ती बोलली. अडखळत, रडत, पण सगळं बोलली. मध्येच थांबून तिने पडद्यावरचं वाचलं, “ड्रिलमास्तर, नमस्कार.” कोपऱ्यात मास्तर फोन लपवत लाजले.

“खात्री करून घेत होतो, वहिनी.”

मेकअपवालीचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. ती लेकीला फोन लावत होती. “पाहिलंस ना?” ती म्हणाली. “दप्तर भर. सोमवारी शाळेत सोडायला मी येते, अगदी वर्गापर्यंत.”