आंबिवलीचा उत्तररंग

अण्णाबुवांच्या कीर्तनाला दौलतरावांनी एकोणीस वर्षं पेटीची साथ केली होती. त्या साऱ्या कॅसेटी आता कॉम्प्युटरवर आल्या होत्या आणि सोमवारपर्यंत डोंबिवलीच्या एका मंडळाकडे जायच्या होत्या. कळव्याच्या घरात शनिवारची सकाळ मात्र फाइलींच्या नावांवरच अडून बसली होती.

"आधी गाव, मग पूर्वरंग किंवा उत्तररंग. एवढंच नाव द्या ना बाबा," सून करिश्मा म्हणाली. "आणि दोन्ही नसतील तर मंडळ ते कीर्तन घेणार नाहीये."

"अगं, आंबिवलीची जोडी आणू कुठून? निरूपण संपलं, बुवांच्या गळ्यात हार पडला आणि बुवा उभ्या उभ्या कोसळले. ते गेलेच. आख्यान, म्हणजे उत्तररंग, झालंच नाही!"

"मग ते एक सोडा."

बुवांचं शेवटचं कीर्तन सोडायचं? दौलतरावांनी ओठ आवळून नाव दिलं, 'आंबिवली-अपूर्ण'. चहा घेऊन येतात तो तिथे 'आंबिवली-पूर्वरंग'.

"तू बदललंस?"

"मी कणीक मळतेय, बाबा. तुमचंच बोट लागलं असेल."

पुन्हा बदललं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी कीबोर्डच आपटला. "अपूर्ण आहे रे ते, मेल्या! अपूर्ण!"

तेव्हा खाली आणखी एक ओळ दिसली. 'आंबिवली-उत्तररंग'.

त्यांनी ती लावली. आधी झांज. मग बुवांचा किंचित बसलेला आवाज, आख्यानाला हात घालणारा. त्याखाली पेटी, बुवांच्या काळी दोनच्या सुरात. बुवांनी तान सोडली की पंचमावर जरा रेंगाळायची दौलतरावांची खोड होती. तेही रेंगाळणं होतं. कधीच न वाजवलेलं, पण त्यांचंच.

त्यांचे डोळे भरून आले. सकाळपासूनचा वैताग कुठच्या कुठे गेला.

"करिश्मा, मिळालं गं! पूर्ण आहे कीर्तन!"

ती हात पुसत आली. फाइल पुढे पुढे सरकवत शेवटपर्यंत ऐकली. तिच्या कपाळाला आठी पडली.

"बुवा अगदी आरतीपर्यंत आहेत. पण तुमची पेटी मध्येच थांबलीय, बाबा. बुवा दोनदा 'दौलत, दौलत' म्हणतात. मग पेटीवाचूनच गातात."

"कितव्या मिनिटाला?"

"बाराव्या. असू दे, जोडी तर झाली. पाठवून देऊ."

फाइल होती तिथे परत आणून ती कणकेकडे वळली.

पडद्यावर अकरा मिनिटं चाळीस सेकंद झाले होते. पेटी अजून वाजत होती, आणि टेबलाच्या कडेवर दौलतरावांची बोटं तिच्याबरोबर चालत होती.