ऐंशीच्या पुढं सावकाश

"बाई, ही गाडी आमच्या घरची न्हाई."

पाली फाट्याजवळच्या गाड्यांच्या चकचकीत शोरूमपुढं ऋतुजा चार्जिंगची गन हातात धरून उभी होती, आणि पाठीमागून हा आवाज आला. ती गर्रकन वळली. कंपनीचा निळा शर्ट, उन्हानं बारीक झालेले डोळे, आणि ओठांत दाबून धरलेलं हसू...

"माहितीये मला!" ती फणकारली. बीडला पेपर तपासून तपासून तिचं डोकं उठलं होतं. गाडीची बॅटरी तळाला गेलेली, आणि तिच्या गाडीच्या कंपनीचं चार्जिंग स्टेशन नेमकं त्याच दिवशी बंद! "पाटी लावलीय ना तुम्ही, सगळ्या इलेक्ट्रिक गाड्यांसाठी म्हणून? का नुसती शोभेला?"

"शोभेला कशाला? पाहुण्याला हाकलायची रीत न्हाई आमच्यात." त्यानं खिशातलं कार्ड काढून मशीनला टेकवलं. "आमच्या गाड्या मशीन आपसूक वळखतं. पाहुणी गाडी आली की मात्र मला हाक मारायची. मी हरिओम."

मशीन घुरघुरलं. ऋतुजाला उगीचच हसू आलं.

निघताना तो म्हणाला, "रविवारी येत जावा. गर्दी नसती."

रविवार! आता त्या रविवारचं दुखणं सांगायलाच हवं. ऋतुजाचं घर शिरूर कासारात. दसरा झाला की आई मनकर्णा आणि अण्णा, म्हणजे आश्रुबा, ऊसतोडीला जायचे. लेक आष्टीच्या कॉलेजात शिकवायला लागली, दारात गाडी आली, तरी अण्णांचा हेका एकच, 'हातपाय चालत्यात तवर लेकीच्या जिवावर बसायचं न्हाई.' मग गल्लीच्या गल्ली कुलपं. आठवडाभर कॉलेज होतं म्हणून बरं. पण रविवार नुसता खायला उठायचा. एकीपुरती भाकरी थापायची, एकच ताट घासायचं. एकदा दुधावरचं मांजर हाकलताना तिला स्वतःचाच आवाज अनोळखी वाटला. आदल्या संध्याकाळपासून ती कुणाशी एक शब्द बोलली नव्हती. तिथंच चुलीपाशी बसून ती हमसून हमसून रडली.

तर त्या रविवारी ती गेली. मग पुढच्याही. त्याच्या पुढच्याही.

आता गंमत बघा. घरी ओसरीवर प्लग होता. रात्री लावला की सकाळी गाडी भरलेली. मग चार्जिंगचं निमित्त आणायचं कुठून? तर मॅडम एसी फुल्ल सोडून, वर काचा उघड्या ठेवून, बिंदुसरेच्या धरणाला चकरा मारायच्या. लोक बॅटरी जपून वापरतात, ही उधळत होती! आणि असल्या चार्जरवर शहाणी माणसं ऐंशी टक्के झाले की उठतात, कारण पुढं मशीन गोगलगाय होतं. ही शंभर होईस्तोवर बसायची.

"ऐंशी झाले. काढू का गन?"

"राहू द्या. शंभर होऊ द्या."

"पुढं लई सावकाश होतं."

"मला कुठं घाई आहे?"

हरिओम हसला न हसला. गावाकडून आणलेला हुरडा त्यानं पायरीवर कागदात पसरला, शेजारी चटणी ठेवली. दोघांची बोटं चटणीशी एकदमच गेली... आणि एकदमच मागं आली.

"तिखट लागती का?"

"छे," ती म्हणाली. डोळ्यांतून घळाघळा पाणी!

"लई खोटं बोलता बुवा तुमी. त्यापरीस आमची गाडी घेऊन टाका, कार्डाची झंझटच न्हाई."

"मग तुम्हाला हाक कोण मारणार?" ती बोलून गेली, आणि तिनं जीभ चावली.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी मात्र तो पायरीवर बसलाच नाही. गनची केबल गुंडाळता गुंडाळता, तिच्याकडं न बघता म्हणाला, "वरून हुकूम आलाय. इथून पुढं फक्त आमच्याच गाड्या. बाहेरच्या बंद."

"असं... बरं."

ती थोडं थांबली. तो केबलच गुंडाळत राहिला. ती निघाली. मेला एक शब्द बोलला असता तर काय झिजला असता? शिरूरपर्यंत ती त्याच्यावर चिडत राहिली. आणि आपण तरी कुठं बोललो, या विचारानं रात्री उशी भिजली.

पुढचा रविवार उजाडला. दारात गाडी काठोकाठ भरलेली, आणि जायला जागा नाही. निमित्तच संपलं होतं. आता गेलं तर मनातलं सगळं उघडं पडणार, आणि नाही गेलं तर हे घर, हे एकच ताट... दुपारी तिनं कुलूप लावलं. एसी नाही, चकरा नाही, सरळ पाली गाठलं.

फाटकावर वॉचमन सटवाकाका आडवे आले. "बाई, बाहेरचं चार्जिंग बंद झालंय."

"मला चार्जिंग नकोय, काका."

हरिओम चार्जरजवळच्या पायरीवर बसला होता. आज अंगात निळा शर्ट नव्हता, साधा पांढरा होता. तिला बघून तो ताडकन उठला.

"कावून आलात?"

"गाडीचं जरा..." सवयीनं ती सुरू झाली, आणि थांबली. बस झालं! "गाडी भरलेली आहे, हरिओम. ती घरीच भरते. मी तुमच्यासाठी येते. तुम्ही आवडता मला."

"ठावं हाय."

"काय?"

"गन लावली की मशीनवर आकडा येतो, गाडी आली तवा किती भरलेली होती त्याचा. कधी एकाहत्तर, एकदा तर ब्याऐंशी! त्येवढ्या चार्जिंगवर तुमी शिरूरला दोनदा जाऊन आला असता."

ऋतुजाचे कान तापले. "मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर... तुमी लाजून यायच्या बंद झाल्या असत्या. मग मी काय केलं असतं?"

तिला हसू फुटलं आणि रडूही. तिनं गाडीचं दार उघडलं. तो अवघडून शेजारी बसला.

"आई-अण्णा कवा येणार?"

"कारखाना बंद झाला की. पाडव्याच्या सुमारास."

"मग पाडव्याला माझ्या आईला घेऊन येतो. रीतसर."

तिनं मान खाली घालून होकार दिला. मग डोळे पुसत, जरा चिडवत म्हणाली, "दुसऱ्या कंपनीच्या गाडीत बसलात, तेही ड्युटी सोडून. साहेब रागावतील हं!"

"ड्युटी कसली? रविवारी मला सुट्टी असती."

तिचा हात स्टेअरिंगवरच थांबला. "म्हणजे... आज?"

"न्हाई," तो समोर बघत म्हणाला. "समद्याच रविवारी."